मुळावरची लेक

सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला तुळजारामांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरणाऱ्याचं पाप निदान हलकं असतं. यांना ते पत्र तोंडपाठ होतं.

पत्र धाकट्या बहिणीचं, विशालाक्षीचं. भाषा घरची मराठी, अक्षरं तमिळ. तंजावुरातल्या मराठी घरांत देवनागरी येणारं माणूस आता शोधावं लागतं, आणि विशालाक्षीला तर ती कुणी शिकवलीच नव्हती. तमिळ अक्षरांतली मराठी नुसत्या डोळ्यांनी वाचून कळत नाही. ओठ हलवून, आपलं आपल्याला ऐकवावं, तेव्हा कळते. राजवाड्यातल्या ग्रंथालयात चाळीस वर्षं मोडी कागद मुकाट्याने वाचत बसलेल्या माणसाला ते पत्र मोठ्याने वाचावं लागलं, आणि बहिणीचे शब्द त्यांच्याच तोंडून बाहेर पडले.

‘अण्णा, येत्या रविवारी पापनाशमच्या चर्चात माझा बाप्तिस्मा आहे. तू ये म्हणून हट्ट नाही. मागे मला कावीळ जाली तेव्हा अकरा दिवस मी आस्पत्रीत होते. घरचं कोणी आलं नाही. पाळकांची बायको रोज तांदळाची कंजी घेऊन यायची. पहिल्याच दिवशी माझ्या कपाळावर हात ठेवून तिने प्रार्थना केली. देवाला म्हणाली, उन मगळ विशालाक्षी. तुझी लेक विशालाक्षी. लेक आणि विशालाक्षी हे दोन शब्द मी एका श्वासात कधी ऐकले नव्हते. आपल्या घरात मी बापाला खाल्लेली. हळदीकुंकवाला मला बोलावत नव्हते. तुझ्या लग्नात मला मागच्या खोलीत बसवलं होतं. माझं लग्न जमलं नाही तेही त्याच पायी. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून मी पोटभर रडले. मग दोन वर्षं विचारत गेले, ऐकत गेले. आता माझी खात्री जाली आहे. मी कुणाला खाल्लेलं नाही. मी देवाची लेक आहे, येशूने मला त्याच्या घरात नेलं आहे. नाव विशालाक्षीच ठेवणार, कारण त्याने त्याच नावाने हाक मारली.

एकच विचारायचं आहे. ताराबाई आत्या मरताना म्हणाली की मी जन्मायच्या आधीपासून अप्पा तापाने पडले होते. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. तुला ठाऊक होतं का? होय की नाही, एवढंच लिही.’

पत्र वाचून तुळजाराम संतापले होते. देवाची लेक म्हणे! मग आम्ही कोण, रस्त्यावरचे? पन्नाशी उलटल्यावर घराण्याचं नाव बुडवायची बुद्धी झाली! आठ दिवस ते असे स्वतःशी धुमसत राहिले, आणि त्या धुमसण्याच्या आडोशाने तो रविवार निघून गेला. पण माणूस कितीही भित्रा असला तरी स्वतःला किती दिवस फसवणार? राग बाप्तिस्म्याचा नव्हताच. पत्राच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, हे खरं दुखणं होतं.

पापनाशम तंजावुरापासून गाडीने तासाभराचंही अंतर नाही. सात वर्षांत तुळजाराम तिथे उतरले नाहीत. त्यांची बायको कामाक्षी मात्र कुंभकोणमला माहेरी जाताना दर वेळी उतरायची, नणंदेकडे जेवायची, परत आल्यावर फक्त “विशालीची बालवाडी सुटली, आता पेन्शनीत आहे”, “चार पोरांची फी तीच भरते” असं एकेक वाक्य हवेत बोलायची. तुळजाराम पुस्तकातून मान वर करायचे नाहीत.

यंदा मार्गळी महिन्याच्या थंडीत त्यांचा चुलतभाऊ कृष्णाजी, घरातला किट्टू, आला. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, आता घराण्याचा कारभारी म्हणून स्वतःच नेमलेला. बरोबर त्याचा मुलगा वेंकटेश, हातात मोजपट्टी.

“अण्णा, पोंगलनंतर काणूच्या दिवशी घराण्यातले अस्के, लहानथोर सगळे, माझ्याकडे जेवायला येणार,” कृष्णाजी म्हणाला. “हॉलच्या भिंतीवर आपली वंशावळ लावायची आहे. आठ फूट. एकोजी राजांबरोबर मूळपुरुष आला तिथपासून. जुन्या गुंडाळीवरचं मोडी तुलाच येतं. तू देवनागरीत लिहून दे, हा कापडावर छापून आणेल.”

“देवनागरी वाचणार कोण?” तुळजारामांनी विचारलं.

“वाचायला कशाला पाहिजे? बघायला पाहिजे. तमिळमध्ये लिहिलं तर मंगल कार्यालयाची पाटी वाटेल.”

वेंकटेश हसला. कृष्णाजी हसला नाही. “आणि यंदा मुलींचीही नावं घालायची. आमची जयश्री अमेरिकेतून रोज भांडते, मुली काय आभाळातून पडल्या का म्हणून. तर अस्क्या मुली घाल. ती एक सोडून.”

“कोण एक?” ठाऊक असूनही तुळजारामांनी विचारलं.

“पापनाशमची.” कृष्णाजीने नाव घेतलं नाही. सहासष्ट वर्षांची बाई, आणि तिला गावाच्या नावाने ओळखायचं, बसस्टॉप असल्यासारखं. “पोतंभर तांदळासाठी बाटलेल्यांची नावं राजाच्या माणसांच्या पंक्तीत नकोत.”

तुळजारामांनी गुंडाळी जवळ ओढली. मग चाचरत म्हणाले, “आणि ती टीप?”

“कुठली?”

“आमच्या अप्पांच्या नावाखालची.”

“ती राहू दे की! माझ्या अप्पांनी लिहवलेली आहे. इतिहास आहे तो.”

गुंडाळीवर तुळजारामांच्या वडिलांच्या, रघोजींच्या नावाखाली एक ओळ होती: ‘मूळ नक्षत्रीं कन्या जाली. तिसरे दिवशीं पितृनाश.’ म्हणजे नाव गाळायचं आणि आरोप ठेवायचा. लेक म्हणून तिला जागा नाही, पण बापाचा जीव घेणारी म्हणून आठ फुटांच्या कापडावर कायमची जागा. गुन्हेगारालासुद्धा फिर्यादीत नाव असतं. पाहुणे पायऱ्या उतरून गेल्यावर तुळजारामांना हे शब्द सुचले. त्यांना सगळे शब्द नेहमी पाहुणे गेल्यावरच सुचत.

त्यांनी गुंडाळी उलगडली. ती ओळ बघायला त्यांना चष्मा लागला नाही. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

तुळजाराम चौदा वर्षांचे असताना मोठे काका, कृष्णाजीचे वडील, त्यांना मोडी शिकवायचे. पोराचं अक्षर मोत्यासारखं म्हणून घराण्याची गुंडाळी पुढे लिहायचा मान त्यांना मिळाला. काका पाटावर बसून सांगत होते, पोर बोरू बुडवून लिहीत होतं. “मूळ नक्षत्रीं कन्या जाली,” काका म्हणाले. पोराने लिहिलं. “तिसरे दिवशीं पितृनाश.” पोराचा हात थांबला. कारण त्याला डॉक्टर रामस्वामींच्या दवाखान्यातली बाटली आठवली. लाल औषधाची, अंगावर डोस मोजायची कागदी पट्टी चिकटवलेली. बहीण जन्मायच्या आधी बारा दिवस तो रोज ती बाटली घेऊन दवाखान्यात गेला होता. कंपाउंडर विचारायचा, “अप्पाचा ताप उतरला का रे?” आणि तो मान हलवायचा, नाही म्हणून. बारा दिवस विषमज्वराने फणफणलेल्या माणसाला तीन दिवसांच्या पोरीने खाल्लं! पोराला हे कळत होतं. काकांनी विचारलं, “काय जालं? शाई संपली?” पोर म्हणालं, “नाही,” आणि ओळ पूर्ण केली. वर काकांनी अक्षराचं कौतुक केलं, आणि पोराला ते कौतुक आवडलं.

त्याच वेळी चार वर्षांची विशाली दारात उभी होती. तिला आत यायची बंदी होती, लिहिण्याच्या कामाला अपशकुन नको म्हणून.

तुळजारामांनी पंधरा दिवस खपून वंशावळ उतरवली. रघोजींच्या नावाखाली त्यांनी ती टीप लिहिलीच नाही, आणि स्वतःच्या नावाशेजारी, सरळ रेघ ओढून, लिहिलं: ‘कन्या विशालाक्षी’. कागद वेंकटेशकडे गेला. दोन दिवस तुळजारामांची छाती फुगलेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी कामाक्षीला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. “कुणाला कळेल ते?”

“कुणालाच नाही. कुणाला वाचता येतं?”

“मग लिहिलंत कशाला?” तिने सूप खाली ठेवलं. “चोरून दिलेला मान तो, विशालीलासुद्धा कळायचा नाही. एकदा भिंत बोलेल, पण तुम्ही नाही.”

“तू मला काय समजतेस?”

“भला माणूस समजते. गल्लीत अस्के तेच समजतात. भल्या माणसाने काहीही केलं नाही तरी चालतं, हीच तर सोय आहे.”

तुळजाराम पुस्तक घेऊन अंगणात गेले. अर्धा तास एकाच पानावर होते.

काणूच्या सकाळी तंजावुरातल्या बायका केळीच्या पानावर रंगीत भाताचे गोळे पाखरांना ठेवतात, भाऊ सुखी राहोत म्हणून. कृष्णाजीच्या घरीही गच्चीत पानं मांडली होती. हॉलमध्ये पन्नास माणसं, साड्यांची सळसळ, सांबाराचा वास, आणि भिंतीवर आठ फुटांची वंशावळ. अस्के येऊन त्यापुढे उभे राहत, मान डोलावत, फोटो काढत. एकालाही अक्षर लागत नव्हतं. एका पुतण्याने तर स्वतःचं नाव म्हणून आजोबांच्या नावावर बोट ठेवून फोटो काढला. तुळजाराम कोपऱ्यातल्या खुर्चीत होते आणि बहिणीचं नाव सुरक्षित आहे याचं समाधान मानत होते. समाधान कसलं! दिवाणखान्यात लपवलेली चोरी ती.

मग वेंकटेशच्या तिरुचीच्या ऑफिसातली एक मुलगी आली. संगीता, मूळची सोलापूरची. तमिळ मुलखात मराठी माणसं आहेत म्हणून कौतुकाने आलेली.

“अय्या, देवनागरी!” ती म्हणाली आणि भिंतीपुढे उभी राहून वाचायलाच लागली. एकेक नाव खणखणीत. पन्नास माणसं गप्प झाली. साडेतीनशे वर्षांची माणसं एका परक्या मुलीच्या तोंडून एकामागून एक हॉलमध्ये येऊ लागली. आपल्या आजोबाचं नाव आलं की लोक टाळ्या वाजवत. कृष्णाजीचा चेहरा उजळला होता.

“रघोजी,” संगीता वाचत होती. “त्यांचा पुत्र तुळजाराम. कन्या विशालाक्षी.” ती थांबली. “या विशालाक्षी कोण? बाकी सगळ्या मुलींपुढे सासरचं नाव आहे, यांच्यापुढे नाही. आल्यात का आज?”

कुणीच टाळी वाजवली नाही.

कृष्णाजी शहाणा माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही. तो तुळजारामांच्या खुर्चीकडे वळून हसला. “अण्णाचं वय जालं. चुकून पडलं असेल. होय ना अण्णा?”

सुटायचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. काकांपुढे मुकाट ओळ पूर्ण केली होती, तसंच. आयुष्यभर जी मान नेमकी चुकीच्या वेळी हलली, ती या वेळी हलेना.

“चुकून नाही,” तुळजाराम म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी “काय म्हणाले?” असं विचारलं. ते उठून उभे राहिले. “चुकून नाही, किट्टू. माझी बहीण आहे ती. रघोजींची लेक.”

“आणि टीप? टीप कुठे आहे?”

“टीप खोटी आहे.”

“माझ्या बापाने लिहवलेली टीप खोटी?” आता आवाज चढला. “माझ्या बापाला खोटा म्हणतोस, माझ्या घरात, सणाच्या दिवशी?”

“तुझ्या बापाने सांगितली, लिहिली मी. दोघंही खोटे.” तुळजारामांचं तोंड एकदा उघडलं ते उघडलं. “अप्पा बारा दिवस आधीपासून तापाने पडले होते. रोज औषध मी आणत होतो. मला ठाऊक होतं. तुझ्या बापालाही ठाऊक होतं, डॉक्टरला त्यांनीच बोलावलं होतं. पण भाऊ गेला त्याचा दोष कुणावर तरी टाकायला पाहिजे होता, आणि घरात अस्क्यांत लहान तीच होती. तिला उलट बोलता येत नव्हतं. बोलायला लागली तेव्हा आपण तिला मागच्या खोलीत बसवलं.”

“म्हणून तिने धर्म सोडला? पोतंभर तांदळासाठी...”

“तांदूळ तिच्या घरात होता! पस्तीस वर्षं बालवाडी चालवली तिने, चार मुलांना आपल्या पैशाने शिकवलं. कावीळ जाली तेव्हा अकरा दिवस एक परकी बाई तिला कंजी पाजत होती. किट्टू, तू गेलास? मी गेलो? त्या बाईने तिला देवाची लेक म्हटलं. आपण साठ वर्षांत तिला कुणाचीच लेक म्हटलं नाही, आणि आता विचारतो, दुसऱ्याच्या घरी का गेली म्हणून!”

“देवाची लेक!” कृष्णाजी हात झाडत म्हणाला. “पाद्र्यांचं बोलणं हे.”

बायकांच्या घोळक्यातून कामाक्षी बोलली. “भाऊजी, पाहुणे आले की गावातल्या बागेजवळच्या चर्चात तुम्हीच नेता ना? मरणाऱ्या पाद्र्याचा हात धरून आपला राजा उभा आहे, ते संगमरवरी शिल्प दाखवायला? आमच्या राजाला याने शिकवलं म्हणून छाती फुगवून सांगता. राजाला चालला पाद्री, विशालीला नाही चालत?”

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच खोकलं.

“वेंकटेश,” कृष्णाजी म्हणाला, “उतरव ते.”

वेंकटेश क्षणभर बापाकडे, क्षणभर तुळजारामांकडे बघत राहिला. मग स्टूल आणलं. आठ फुटांचं कापड उतरलं, गुंडाळलं गेलं, कपाटामागे गेलं. साडेतीनशे वर्षांचा अभिमान, एका बाईच्या नावाने बाटत होता म्हणे. सोलापूरची संगीता रडवेली होऊन “मी काही चुकीचं वाचलं का?” असं विचारत राहिली. पंगत बसली. बसणारच, भात निवत होता. तुळजारामांना कुणी बसा म्हटलं नाही. कामाक्षीने चपला घातल्या आणि दोघं चालत घरी आली.

रस्त्यात ती एवढंच म्हणाली, “तुमचा आवाज असा आहे हे मला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं.”

“मीच घाबरलो,” तुळजाराम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. कामाक्षी म्हणाली, “फोन करा की, नंबर देते.”

“फोनवर मी ‘बरं आहे ना’ म्हणेन आणि ठेवून देईन. तिने लिहून विचारलं होतं.”

देवनागरीत लिहायला हात शिवशिवत होता, तिथे त्यांना लपता येतं. पण ते विशालीला वाचता येत नाही. म्हणून तमिळ अक्षरांत, ओठ हलवत, एकेक वाक्य स्वतःला ऐकवत त्यांनी लिहिलं. चार कागद फाडले. प्रत्येकात क्षमेच्या आधी कारणं आली होती. पाचवा राहिला.

‘विशाली, होय. मला ठाऊक होतं. अप्पा तू जन्मायच्या आधी बारा दिवस आजारी होते, औषध मी आणत होतो. तू त्यांना खाल्लं नाहीस. चौदा वर्षांचा असताना मी ते खोटं गुंडाळीत लिहिलं, आणि त्यानंतर ते खोटं आहे असं कधी म्हटलं नाही. काल पन्नास माणसांपुढे म्हटलं. उशीर जाला, सात वर्षांचा नव्हे, साठ वर्षांचा.

तू आता देवाची लेक आहेस असं लिहिलंस. मला त्यातलं काय कळतं? मी कागदातला माणूस. पण तेव्हा मला तुझा राग आला, तो राग चुकीच्या माणसावर होता. आमच्या दारात उभी असलेली पोर आम्ही आत घेतली नाही, म्हणून देवाला येऊन तिला न्यावं लागलं. यात लाज वाटायची ती आम्हाला. तुझ्या बाप्तिस्म्याला मी आलो नाही. तिथे लेकीच्या बाजूने कुणी बसायची जागा असते का, ठाऊक नाही. असली तर ती मी रिकामी ठेवली.

अप्पांची सावळी उंच मूर्ती मला आठवते. तू विचारशील ते सांगेन. क्षमा करायची की नाही हे तुझं. तुळजाराम.’

पाकिटावर पत्ता लिहिताना ते पुन्हा अडले. तमिळ मुलखात नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर लावतात. विशाली सहीत ते लावत नसे, लावायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता. आता तिला दुसरा बाप मिळाला होता, आणि हा म्हातारा भाऊ सात वर्षांनी उठून पहिल्याचं अक्षर तिच्या नावापुढे चिकटवणार? तिला अपमान तर वाटणार नाही? शेवटी त्यांनी लिहिलं, ‘र. विशालाक्षी’. तिला नको असलं तर ती खोडेल. खोडायचा हक्क तरी तिचा असू दे.

मुख्य पोस्टात खिडकीपाशी चार माणसं होती. तुळजाराम रांगेत उभे राहिले. कारकुनाने पाकीट तोललं, पत्ता वाचला.

“पापनाशम? एवढ्या जवळ? बसने जाऊन दिलं असतं तर आत्ता पोचलं असतं की, सर.”

“होय,” तुळजाराम म्हणाले. “मीही जाईन. पण आधी हे पोचू दे.”

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.